स्कॉटलंडचा कौल : वचन, अपेक्षा आणि अंदाज

मुंबई इलाख्याच्या इतिहासाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांना स्कॉटलंड हा देश अगदींच परका वाटूं नये. १८२६ सालीं तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा स्कॉटिश होता. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटिश होता. आणि ज्यांच्या नांवाचें कॉलेज चौपाटीसमोर आजही उभें आहे, ते डॉक्टर जॉन विल्सन हेही स्कॉटिशच. आपण मात्र या सर्वांना ‘इंग्रज’ या एकाच दावणीला बांधून मोकळे झालों. मीं स्वतः प्राथमिक शाळेंत तीसाहून अधिक वर्षें इतिहास-भूगोल शिकविला, आणि नकाशावर काठी ठेवून त्या सबंध बेटाला ‘इंग्लंड’ म्हणण्याची चूक मींही पुष्कळ वर्षें केली.

ती चूक दुरुस्त करण्याचा प्रसंग सप्टेंबर २०१४ मध्यें आला. त्या महिन्याच्या १८ तारखेस, इंग्लंडशीं तीनशें सात वर्षें चालत आलेलें ऐक्य राखावें कीं मोडावें, याविषयीं स्कॉटलंडच्या जनतेनें मतदान केलें. रोजच्या ठळक बातम्या फळ्यावर लिहिण्याचा आमच्या वर्गांत प्रघात होता. ती बातमी वाचून सातवींतील एका मुलीनें विचारलें, ‘गुरुजी, वेगळें झाल्यानें त्यांचें भलें होईल कीं नुकसान?’ मीं तत्काळ उत्तर दिलें, ‘वेगळे झाल्यावर काय होईल तें कोणीच सांगूं शकत नाहीं, पण वेगळे झाले नाहींत, तर निदान आहे तें तरी टिकेल.’ या उत्तरानें वर्गाचें समाधान झालें, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही झालें. तें उत्तर अर्धेंच बरोबर होतें, हें कळावयास मला जवळजवळ दोन वर्षें लागलीं. आजचें माझें भाषण म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगतों. १६०३ सालीं इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच इंग्लंडचाही राजा झाला. मुकुट एक झाला, तरी पार्लमेंटें दोन राहिलीं. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीस पनामाच्या संयोगभूमीवर डेरियन येथें वसाहत स्थापण्याचा स्कॉटिश लोकांनीं मोठा खटाटोप केला. तो सर्वस्वीं फसला आणि देशांतील रोख भांडवलाचा मोठा हिस्सा त्यांत बुडाला. या आपत्तीनंतर थोड्याच वर्षांत, १ मे १७०७ पासून, दोन्ही राज्यें व दोन्ही पार्लमेंटें एक झालीं. त्या करारान्वयें स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग इतकी रक्कम मिळाली. ती कांहीं अंशीं इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाचा बोजा उचलण्याबद्दलचा मोबदला आणि कांहीं अंशीं डेरियनच्या भागीदारांची नुकसानभरपाई होती. आपल्या पुढाऱ्यांनीं देश विकला, ही भावना तेव्हांपासून तेथील लोकमानसांत रुतून बसली. तथापि ऐक्य झालें तरी स्कॉटलंडचे कायदे, न्यायालयें, धर्मसंस्था आणि शाळा हीं निराळींच राहिलीं. पार्लमेंट गेलें, पण राष्ट्र विरघळलें नाहीं.

गेलेलें पार्लमेंट परत मिळविण्याचा पहिला कौल १ मार्च १९७९ रोजीं घेण्यांत आला. प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता. मर्यादित अधिकारांच्या विधिमंडळाचा होता. मत देणाऱ्यांपैकीं ५१.६ टक्के लोकांनीं होकार दिला. परंतु एकूण मतदारांपैकीं निदान ४० टक्के लोकांचा होकार हवा, अशी अट कायद्यांत घातलेली होती. तो होकार सुमारें ३३ टक्के भरला आणि योजना बारगळली. या प्रचारांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हुजूरपक्षाचे वयोवृद्ध नेते व माजी पंतप्रधान लॉर्ड होम यांनीं मतदारांस असें सांगितलें कीं, या सदोष विधेयकास नकार द्या, म्हणजे याहून चांगलें विधेयक मिळण्याचा मार्ग मोकळा होईल. दोनच महिन्यांनीं हुजूरपक्ष अधिकारारूढ झाला आणि पुढें अठरा वर्षें सत्तेवर राहिला. त्या अठरा वर्षांत चांगलें अथवा वाईट, कसलेंच विधेयक आलें नाहीं. ११ सप्टेंबर १९९७ रोजीं, मजूरपक्षाच्या राजवटींत, दुसरा कौल झाला. त्यांत ७४.३ टक्के मतें पार्लमेंटच्या बाजूनें पडलीं आणि १९९९ मध्यें एडिंबरो येथें तें पार्लमेंट भरलें.

२०११ च्या मे महिन्यांत या पार्लमेंटच्या १२९ जागांपैकीं ६९ जागा स्कॉटिश राष्ट्रीय पक्षास मिळाल्या, आणि स्वातंत्र्याचा कौल टाळणें अशक्य झालें. १५ ऑक्टोबर २०१२ रोजीं ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे मुख्य मंत्री ॲलेक्स सॅमंड यांनीं एडिंबरो येथें करारावर सह्या केल्या. सोळा व सतरा वर्षांच्या मुलामुलींसही या कौलांत मताधिकार मिळाला. प्रश्नाच्या शब्दयोजनेवरही बारकाईनें विचार झाला. स्कॉटिश सरकारनें सुचविलेला प्रश्न ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याशीं आपण सहमत आहां काय?’ असा होता. निवडणूक आयोगानें तो बदलावयास लावला. कारण ‘सहमत आहां काय?’ असें विचारलें कीं उत्तर देणारा नकळत होकाराकडे झुकतो. अखेर ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय?’ एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर आला. परीक्षकाचें काम केलेल्या कोणासही या दुरुस्तीचें महत्त्व सहज पटेल.

येथें दुसऱ्या एका कौलाशीं तुलना करणें उपयुक्त होईल. १९०५ सालीं नॉर्वेनें स्वीडनशीं असलेलें ऐक्य मोडण्याविषयीं कौल घेतला, तेव्हां होकाराचीं मतें ३,६८,२०८ आणि नकाराचीं अवघीं १८४ पडलीं. तेथें कौल म्हणजे झालेल्या निर्णयावर उठविलेली मोहोर होती. स्कॉटलंडची स्थिति निराळी होती. तेथें घराघरांत मतभेद होते, आणि पुष्कळ माणसें मनापासून साशंक होतीं. ज्याचा निश्चय झालेला आहे त्याला प्रचाराची गरज नसते. प्रचार असतो तो साशंकासाठीं. आणि साशंक माणूस एकच गोष्ट मागत असतो. ती म्हणजे खात्री.

ही खात्री देण्यासाठीं २६ नोव्हेंबर २०१३ रोजीं स्कॉटिश सरकारनें ‘स्कॉटलंडचें भवितव्य’ या नांवाचा साडेसहाशें पृष्ठांच्या घरांतील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ६५० प्रश्न व त्यांचीं उत्तरें दिलेलीं होतीं. स्वातंत्र्याचा दिवस म्हणून २४ मार्च २०१६ ही तारीखही मुक्रर केलेली होती. पौंड हेंच चलन राहील. राणी हीच राष्ट्रप्रमुख राहील. युरोपीय संघाचें सभासदत्व अखंड चालेल. फासलेन येथील तळावरचीं अण्वस्त्रें हलविलीं जातील. उत्तर समुद्रांतील तेलाचें उत्पन्न स्कॉटलंडला मिळेल. आणि एक वर्षाच्या बालकापासून शाळेंत जाण्याच्या वयापर्यंत प्रत्येक मुलाच्या संगोपनाची वर्षाकाठीं १,१४० तास मोफत सोय होईल, अशीं आश्वासनें त्यांत होतीं.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. अर्थशास्त्रांत अथवा आंतरराष्ट्रीय कायद्यांत मला गति नाहीं. पण जन्मभर व्याकरण शिकविलें असल्यामुळें, ‘राहील’, ‘मिळेल’, ‘होईल’ या क्रियापदांच्या रांगेपाशीं मी थबकतों. ‘मी उद्यां येईन’, ‘शेजारी मला शिडी देईल’ आणि ‘उद्यां पाऊस पडेल’ हीं तिन्ही वाक्यें भविष्यकाळींच आहेत. व्याकरण त्यांत भेद करीत नाहीं. व्यवहारांत मात्र त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्या वाक्यांतील गोष्ट घडावयास बोलणाऱ्याचा निश्चय पुरतो. दुसरीला दुसऱ्याची संमति लागते. आणि तिसरी कोणाच्याच हातीं नाहीं. पहिलें वचन, दुसरी अपेक्षा, तिसरा अंदाज. स्कॉटलंडच्या प्रचारांत हीं तिन्ही प्रकारचीं वाक्यें एकाच सुरांत, एकाच खात्रीनें उच्चारलीं गेलीं, आणि वादाचा बराचसा गोंधळ त्यांतून उत्पन्न झाला.

बालसंगोपनाची गोष्ट पहिल्या प्रकारची. ती सरकारच्या हातांतली होती. इतकी कीं विरोधकांनीं विचारलें, हा अधिकार एडिंबरोच्या पार्लमेंटकडे आजच आहे, मग त्यासाठीं स्वातंत्र्याची वाट कां पाहतां? सरकारचें उत्तर असें होतें कीं, मुलांची सोय झाल्यावर माता नोकरीस जातील. त्यांच्या मिळकतीवरील कर मात्र लंडनच्या तिजोरींत जाईल, मग खर्च आम्ही भागवावा कसा? हा वाद निकोप होता. दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून सामान्य माणसाला आपलें मत ठरवितां येत होतें.

चलनाची गोष्ट दुसऱ्या प्रकारची. स्वतंत्र झाल्यावरही दोन्ही देशांचा पौंड सामाईक राहावा आणि बँक ऑफ इंग्लंड ही दोघांचीही मध्यवर्ती पेढी असावी, अशी स्कॉटिश सरकारची योजना होती. १३ फेब्रुवारी २०१४ रोजीं ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं एडिंबरो येथें येऊन सांगितलें कीं, ऐक्य सोडाल तर पौंडही सोडावा लागेल. मजूरपक्ष व उदारमतवादी पक्ष यांच्या अर्थविषयक प्रवक्त्यांनींही त्यास दुजोरा दिला. सॅमंड यांचें प्रत्युत्तर असें कीं, ही केवळ हूल आहे. मतदान झाल्यावर व्यापाराच्या सोयीसाठीं लंडन आपण होऊन चलन सामाईक ठेवील. आणि मध्यवर्ती पेढींत वांटा नसेल, तर राष्ट्रीय कर्जांतही आम्ही वांटा उचलणार नाहीं. ५ ऑगस्ट २०१४ रोजीं ग्लासगो येथें दूरचित्रवाणीवर झालेल्या पहिल्या वादविवादांत नकारपक्षाचे नेते ॲलिस्टर डार्लिंग यांनीं त्यांना पुनःपुन्हां एकच प्रश्न विचारला : लंडननें नकार दिल्यास तुमची पर्यायी योजना कोणती? सरळ उत्तर मिळालें नाहीं, आणि त्या दिवशीं बाजी डार्लिंग यांच्याकडे गेली असें बहुतेकांचें मत पडलें. २५ ऑगस्टच्या दुसऱ्या वादांत सॅमंड यांनीं ती कसर भरून काढली. पण प्रश्न होता तेथेंच राहिला.

तो तसा राहावयास एक कारण होतें, आणि तें वादाच्या गदारोळांत थोड्यांच्याच लक्षांत आलें. कौलापूर्वीं कोणत्याही वाटाघाटी करावयाच्या नाहींत, असें लंडनच्या सरकारचें धोरण होतें. स्वतंत्र झालेल्या स्कॉटलंडचें युरोपीय संघांतील स्थान काय राहील, याविषयीं संघाच्या आयोगाचें म्हणणें असें होतें कीं, एखाद्या सभासद राष्ट्रानें निश्चित स्वरूपाचा प्रश्न रीतसर विचारल्यास आम्ही कायदेशीर मत देऊं. तो प्रश्न विचारूं शकणारें सभासद राष्ट्र म्हणजे ब्रिटन. आणि ब्रिटननें तो विचारला नाहीं. १६ फेब्रुवारी २०१४ रोजीं आयोगाचे अध्यक्ष बारोझो यांनीं एका मुलाखतींत, सर्व सभासदांची संमति मिळणें अत्यंत कठीण, किंबहुना अशक्यप्राय होईल, असें सांगितलें. पण मुलाखतींतील उद्गार म्हणजे न्यायनिर्णय नव्हे. तेव्हां जी अनिश्चितता होती, ती सर्वच दैवाधीन नव्हती. तिचा कांहीं भाग उत्तर मिळवितां आलें असतें असे प्रश्न न विचारल्यामुळें निर्माण झालेला होता. शेजाऱ्याकडे शिडी मागावयाचीच नाहीं असें एकानें ठरवावें, आणि शेजारी ती देईल कीं नाहीं यावर साऱ्या गांवानें वर्षभर वाद घालावा, तसें हें झालें.

तेलाची गोष्ट तिसऱ्या प्रकारची, ती पावसासारखीच. पिंपाला ११० डॉलरच्या सुमारास भाव राहील असें धरून स्कॉटिश सरकारनें २०१६-१७ सालाकरितां ६८० कोटींपासून ७९० कोटी पौंडांपर्यंत उत्पन्नाचा अंदाज केला होता. मतदानाच्या आदल्या उन्हाळ्यांत भाव १०० डॉलरच्या वर होता, त्यामुळें अंदाज वेडगळ दिसत नव्हता. लंडनच्या अंदाजकर्त्यांचे आंकडे याहून बरेच कमी होते. पण पुढें काय झालें तें पाहा. जानेवारी २०१५ मध्यें भाव ५० डॉलरच्या खालीं आला, आणि २०१६ च्या आरंभीं तो कांहीं दिवस ३० डॉलरच्याही खालीं गेला. २०१५-१६ सालीं स्कॉटलंडच्या वांट्याचें तेलाचें उत्पन्न अवघें ६ कोटी पौंडांच्या आसपास भरलें. एडिंबरोचा अंदाज चुकलाच. पण लंडनचाही पुष्कळ मोठा ठरला.

आतां नकारपक्षाकडे वळूं. ‘एकत्र राहण्यांत हित’ अशा अर्थाचें नांव धारण करून हा पक्ष जून २०१२ मध्यें मैदानांत उतरला. त्याच्या प्रचारास ‘प्रोजेक्ट फियर’, म्हणजे भीतीची योजना, असें टोपणनांव चिकटलें. चलन जाईल, पेढ्या दक्षिणेस जातील, किंमती वाढतील, युरोपचीं दारें बंद होतील, असा त्याचा सूर होता. ही सारी भीति खोटी होती, असें म्हणणें अन्यायाचें होईल. चलनाविषयींचा प्रश्न खरा होता, आणि तो विचारणें हें विरोधकांचें कर्तव्यच होतें. पण या पक्षाला एक असा लाभ होता कीं, त्याला साडेसहाशें पृष्ठांचा ग्रंथ लिहावा लागला नाहीं. ‘वेगळें झाल्यास काय होईल?’ हा प्रश्न सर्वांनीं विचारला. ‘वेगळें न झाल्यास काय होईल?’ हा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारला. कारण त्याचें उत्तर सर्वांना ठाऊक आहे असें सर्वांनीं गृहीत धरलें. माझ्या वर्गांत मींही तेंच गृहीत धरलें होतें.

वास्तविक ‘आहे तें राहील’ हेंही भविष्यकाळाचेंच वाक्य आहे. नकारपक्षाच्या प्रचारांत असें सांगितलें जाई कीं, युरोपीय संघांत खात्रीनें राहावयाचें असेल, तर ब्रिटनमध्यें राहणें हाच मार्ग होय. परंतु त्याच्या कितीतरी आधीं, २३ जानेवारी २०१३ रोजीं, पंतप्रधान कॅमेरॉन यांनीं जाहीर केलें होतें कीं, पुढील निवडणूक आपण जिंकली, तर ब्रिटननें युरोपीय संघांत राहावें कीं नाहीं यावर सबंध देशाचा कौल घेऊं. म्हणजे राहण्याचा मार्गही निघून जाण्याच्या दारावरूनच जात होता, आणि ही गोष्ट गुप्त नव्हती. ती वर्तमानपत्रांत छापलेली होती, आणि माझ्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या शिक्षकानेंही तिची सांगड घातली नाहीं.

७ सप्टेंबर २०१४ रोजीं, मतदानास अकरा दिवस उरले असतां, एका मतचांचणींत होकार ५१ व नकार ४९ असे आंकडे प्रसिद्ध झाले. लंडनमध्यें धांवपळ उडाली. लंडनचीं कामें टाकून तिन्ही मोठ्या पक्षांचे पुढारी उत्तरेस आले. माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनीं, नकार मिळाल्यास स्कॉटलंडच्या पार्लमेंटला वाढीव अधिकार देण्याचें वेळापत्रकच मांडलें. १६ सप्टेंबर रोजीं, मतदानाच्या दोनच दिवस आधीं, ‘डेली रेकॉर्ड’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जुन्या चर्मपत्राच्या थाटांत एक प्रतिज्ञा झळकली. तिच्याखालीं कॅमेरॉन, मिलिबँड आणि क्लेग या तिन्ही पक्षनेत्यांच्या सह्या होत्या. टपालानें मत देणाऱ्या अनेकांनीं तोंपर्यंत मत देऊनही टाकलें होतें.

ज्यांना १९७९ चें स्मरण होतें, त्यांच्या मनांत लॉर्ड होम यांचे शब्द जागे झाले असल्यास नवल नाहीं. अशा प्रसंगाचा आणखी एक दाखला कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा आहे. तेथें २० मे १९८० रोजीं कौल होता. सहा दिवस आधीं पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनीं वचन दिलें कीं, नकार हा जैसे-थे स्थितीस दिलेला कौल समजला जाणार नाहीं. आम्ही राज्यघटना नवी करूं. नकाराचीं मतें ५९.५६ टक्के पडलीं. घटना खरोखरच बदलली. पण १९८२ सालीं ती क्वेबेक सरकारच्या संमतीवांचून अमलांत आली. ट्रूडो यांनीं बदलाचें वचन दिलें होतें. कोणता बदल, तें सांगितलें नव्हतें. ३० ऑक्टोबर १९९५ रोजीं तेथें पुन्हां कौल झाला. या वेळीं नकार ५०.५८ टक्के भरला. अंतर अवघ्या ५४,२८८ मतांचें राहिलें. मोघम वचन हें कर्जासारखें असतें. घेतांना तें हलकें वाटतें, पण त्याचें व्याज पुढें फेडावें लागतें.

१८ सप्टेंबर २०१४ रोजीं स्कॉटलंडमध्यें ८४.६ टक्के मतदान झालें. नकाराचीं मतें २०,०१,९२६, म्हणजे ५५.३ टक्के पडलीं; होकाराचीं १६,१७,९८९, म्हणजे ४४.७ टक्के. बत्तीस विभागांपैकीं ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशायर आणि नॉर्थ लॅनर्कशायर या चारच विभागांनीं होकार दिला. राष्ट्राच्या अस्तित्वाचा एवढा मोठा प्रश्न मतपत्रिकांवरील खुणांनीं निकालांत निघाला. पराभूत पक्षानें निकाल मान्य केला. सॅमंड यांनीं दुसऱ्याच दिवशीं पदत्यागाची घोषणा केली. शेकडों वर्षें रक्त सांडून ज्या प्रश्नांचे निकाल लागत आले, त्यांतलाच हा प्रश्न होता, हें विसरतां कामा नये.

आतां कोणतीं वाक्यें खरीं ठरलीं, याचा हिशेब घेऊं. चर्मपत्रावरील प्रतिज्ञा १९७९ प्रमाणें हवेंत विरली नाहीं. लॉर्ड स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालीं मंडळ नेमलें गेलें, नोव्हेंबर २०१४ मध्यें त्याचा अहवाल आला आणि २०१६ चा कायदा होऊन प्राप्तीवरील कराचे दर ठरविण्याचे व्यापक अधिकार एडिंबरोला मिळाले. वचन पुरेपूर पाळलें कीं थोडें आंखडतें घेतलें, यावर मतभेद आहेत. तथापि कायदा झाला. निकालाच्याच सकाळीं कॅमेरॉन यांनीं या प्रश्नाची सांगड इंग्लंडच्या सभासदांच्या हक्कांशीं घातल्यामुळें मात्र अनेकांचीं मनें दुखावलीं, आणि मे २०१५ च्या निवडणुकींत स्कॉटलंडच्या ५९ जागांपैकीं ५६ जागा राष्ट्रीय पक्षानें जिंकल्या. मुलांच्या संगोपनाचे १,१४० तास ऑगस्ट २०२१ पासून तीन व चार वर्षांच्या सर्व मुलांना मिळूं लागले, तेही स्वातंत्र्यावांचून. तेलाचा अंदाज कोसळला, हें सांगितलेंच. आणि ‘आहे तें राहील’ या वाक्याचें काय झालें? २३ जून २०१६ च्या कौलांत स्कॉटलंडनें ६२ टक्के मतांनीं युरोपीय संघांत राहण्याच्या बाजूनें मत दिलें. परंतु सबंध ब्रिटनचा कौल संघ सोडण्याचा पडला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटनबरोबर स्कॉटलंडही बाहेर पडला. पुन्हां कौल घेण्याची मागणी त्यामुळें जोरावली. पण २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, लंडनच्या संमतीवांचून तसा कायदा करण्याचा अधिकार स्कॉटलंडच्या पार्लमेंटला नाहीं.

या हिशेबावरून स्वातंत्र्यपक्ष बरोबर होता असें कोणी म्हणेल, तर मी त्यास तेलाच्या भावाकडे बोट दाखवीन. नकारपक्ष बरोबर होता असें कोणी म्हणेल, तर मी त्यास युरोपाकडे बोट दाखवीन. स्कॉटलंडनें काय करावयास हवें होतें, हें सांगण्याचा अधिकार स्कॉटलंडच्या लोकांचा आहे, माझा नाहीं. मला खंत वाटते ती एवढीच कीं, दोन वर्षांच्या त्या अखंड वादांत ‘हें आम्हांला माहीत नाहीं’ असें साधें वाक्य दोन्ही पक्षांच्या प्रमुख पुढाऱ्यांच्या तोंडून क्वचितच बाहेर पडलें. त्यांना धास्ती वाटत असावी कीं, आपण अज्ञान कबूल केलें तर साशंक मतदार दुसऱ्या बाजूस जाईल. ही धास्ती अगदींच अस्थानीं होती असेंही म्हणवत नाहीं. कारण खात्रीची मागणी करणारे आपणच असतों. जो वैद्य ‘बरें होईलच’ असें म्हणतो, त्याच्याकडे आपण धांव घेतों. ‘प्रयत्न करूं’ म्हणणारा वैद्य आपल्याला कमी शिकलेला वाटतो.

अशा कौलाच्या वेळीं मतदारानें करावें काय? मला तीन गोष्टी सुचतात. समोर येणारें प्रत्येक ‘होईल’ हें वचन आहे, अपेक्षा आहे कीं अंदाज आहे, हें पहिल्यानें ओळखावें. दुसरें, ‘बदललें तर काय?’ या प्रश्नाला जितका वेळ देतों, तितकाच ‘न बदललें तर काय?’ या प्रश्नालाही द्यावा. तिसरें असें कीं, सारीं गणितें मांडून झाल्यावरही कांहीं शिल्लक उरते. तिचें उत्तर कोणत्याही ग्रंथांत मिळत नाहीं. कारण आपण कोण आहों आणि कोणाबरोबर राहूं इच्छितों, हा प्रश्न भविष्याचा नसून निष्ठेचा आहे. पौंडाचें काय होईल, हें न कळतांही माणसाला त्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर देतां येतें. स्कॉटलंडच्या लक्षावधि स्त्रीपुरुषांनीं, होकार देणाऱ्यांनीं आणि नकार देणाऱ्यांनींही, तें दिलें असें मी समजतों.

ती सातवींतील मुलगी आतां स्वतः मतदार झाली आहे. मध्यंतरीं ती गांवीं आली असतां मला भेटावयास आली, तेव्हां मीं तिला म्हटलें, ‘त्या दिवशीं मीं तुला चुकीचें सांगितलें होतें.’ तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. तरी मीं दुरुस्त उत्तर सांगितलें : ‘वेगळे झाल्यावर काय होईल तें कोणी सांगूं शकत नव्हतें, आणि एकत्र राहिल्यावर काय होईल, तेंही कोणी सांगूं शकत नव्हतें.’ ती हंसून म्हणाली, ‘मग गुरुजी, मत द्यावयाचें तरी कशाच्या आधारावर?’ प्रश्न तिचा पहिल्या प्रश्नाहून चांगला होता. या वेळीं मीं उत्तर देण्याची घाई केली नाहीं.